‘काल गेलो होतो’ याचे इंग्रजी ‘हॅड गॉन’ का होत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. गुहागर तालुक्यात होमस्टे चालवणाऱ्या एका गृहस्थांनी इंग्लंडहून येणाऱ्या पाहुण्यांना “वी हॅड रिसीव्ह्ड युअर ॲडव्हान्स यस्टरडे” असा संदेश पाठवला. त्यावर पाहुण्यांनी विचारले, “मग आता काही अडचण झाली आहे का?” पैसे तर व्यवस्थित मिळाले होते. शाळेत ‘हॅड’ म्हणजे पूर्ण भूतकाळ असे शिकवले होते आणि व्यवहारही पूर्ण झाला होता, तर मग चुकले कुठे, आणि ‘हॅव’, ‘हॅड’ व साधा भूतकाळ यांतला फरक मराठी माणसाला पटेल असा कसा समजून घ्यावा, असे त्यांनी विचारले आहे.

मी रत्नागिरीत महाविद्यालयीन मुलांना आणि संध्याकाळच्या वर्गात नोकरी-धंदा करणाऱ्या मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवतो. हॉटेलातले कर्मचारी, आंबा बाहेर पाठवणारे व्यापारी, मर्चंट नेव्हीच्या मुलाखतीची तयारी करणारी मुले असे सगळे त्यात असतात, आणि हे वाक्य मला जवळजवळ प्रत्येकाच्या वहीत सापडते. त्यामुळे प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांना पहिली गोष्ट सांगायची ती ही की, तुमचे क्रियापदाचे रूप अचूक आहे. तक्ता तुम्हाला पाठ आहे. अडचण अशी आहे की, मराठीतला ‘होता’ जे काम करतो ते काम इंग्रजीतला ‘हॅड’ करत नाही, आणि दोघांनाही ‘पूर्ण भूतकाळ’ हे एकच नाव दिल्यामुळे ते आपल्या लक्षात येत नाही. ‘पूर्ण’ या शब्दाने तर आणखी गैरसमज होतो, कारण पूर्ण झालेली क्रिया साध्या भूतकाळातही तितकीच पूर्ण असते. “द ट्रेन लेफ्ट” म्हटल्यावर गाडी अर्धवट सुटलेली नसते.

आधी आपलीच भाषा पाहू. “बाबा चिपळूणला गेले” आणि “बाबा काल चिपळूणला गेले होते” ही दोन वाक्ये घरातल्या कोणत्याही माणसाला वेगळी ऐकू येतात. पहिले ऐकल्यावर कोणीही विचारेल, “मग येणार कधी?” दुसरे ऐकल्यावर तो प्रश्न कोणी विचारत नाही, कारण बाबा परत आले आहेत हे ‘होते’नेच सांगून टाकले आहे. “दार उघडले होते” म्हटले की दार आता बहुधा बंद आहे. “तुमच्यासाठी कोणीतरी आले होते” म्हटले की तो माणूस निघून गेलेला आहे. म्हणजे मराठीतला ‘होता’ असे सांगतो की, ही गोष्ट घडून गेली, तिचे प्रकरण मिटले, आता ती आपल्या बोलण्याला केवळ पार्श्वभूमी म्हणून आहे. याशिवाय त्याचा दुसरा एक उपयोग आपण दिवसभर करतो, तो म्हणजे आठवण करून देण्याचा: “मी तुम्हाला सांगितले होते”, “तुमचा फोन आला होता”, “आपण मागच्या महिन्यात भेटलो होतो”. या वाक्यांत ‘होता’मुळे थोडा मऊपणा येतो आणि समोरच्याला मागचा धागा सापडतो. ही मराठीची मोठी सोय आहे आणि ती अंगात इतकी मुरलेली असते की, इंग्रजी बोलताना तिच्या जागी ‘हॅड’ आपोआप येऊन बसतो.

इंग्रजीतल्या ‘हॅड’चे काम याहून पुष्कळ अरुंद आहे. त्याला भूतकाळातले दोन क्षण लागतात. त्यांतला एक क्षण असा की जिथे उभे राहून आपण मागे पाहतो, आणि दुसरा त्याच्याही आधीचा. हान्स रायशेनबाख या जर्मन तत्त्वज्ञाने १९४७ साली काळांची जी मांडणी केली, ती मला वर्गात फार उपयोगी पडते. त्याने सांगितले की, प्रत्येक काळामागे तीन वेळा असतात: बोलण्याची वेळ, घटनेची वेळ आणि जिथून घटनेकडे पाहिले जाते ती संदर्भाची वेळ. साध्या भूतकाळात घटना आणि संदर्भ एकाच ठिकाणी, मागे असतात. ‘हॅव’मध्ये घटना मागे असते, पण संदर्भ आत्ताचा असतो. ‘हॅड’मध्ये संदर्भ मागे गेलेला असतो आणि घटना त्याच्याही मागे असते. म्हणून इंग्रजी कानाला ‘हॅड’ ऐकू आला की मनात लगेच प्रश्न उभा राहतो: कशाच्या आधी? पुढच्यामागच्या वाक्यांत उत्तर असेल तर काहीच बिघडत नाही. ते नसेल तर ऐकणारा स्वतः ते शोधू लागतो. तुमच्या पाहुण्यांनी नेमके हेच केले. “वी हॅड रिसीव्ह्ड युअर ॲडव्हान्स” म्हणजे पैसे मिळालेले होते, पण त्यानंतर काहीतरी घडले, असा अर्थ त्यांनी लावला आणि ते काळजीत पडले. “वी रिसीव्ह्ड युअर ॲडव्हान्स यस्टरडे” किंवा तारीख न देता “वी हॅव रिसीव्ह्ड युअर ॲडव्हान्स” असे लिहिले असते तर प्रश्नच आला नसता.

‘हॅड’ जिथे खरोखर लागतो ते एका उदाहरणाने जवळून पाहू. धोपाव्याहून दाभोळला जाणारी फेरीबोट तुमच्या रोजच्या पाहण्यातली असेल. आता ही दोन वाक्ये घ्या. “व्हेन वी रीच्ड द जेटी, द फेरी लेफ्ट.” आणि “व्हेन वी रीच्ड द जेटी, द फेरी हॅड लेफ्ट.” पहिल्या वाक्यात आम्ही जेटीवर पोहोचलो आणि बोट सुटली. कदाचित आमचीच वाट पाहत थांबली असेल, कदाचित आम्हाला घेऊनच सुटली असेल, कदाचित डोळ्यांदेखत गेली असेल. दुसऱ्या वाक्यात आम्ही पोहोचलो तेव्हा जेटीला बोट नव्हतीच, आणि आता पुढच्या फेरीची वाट पाहायची की चिपळूणवरून लांबचा वळसा घ्यायचा, एवढेच उरले. ‘पोहोचलो’ हा इथे उभे राहण्याचा क्षण आहे आणि बोट सुटणे त्याच्या आधीचे आहे. ‘हॅड’ काढला तर घटनाच बदलते. म्हणून इथे तो हवाच.

या जोडीला शाळेत शिकवलेला एक नियम मोडीत काढावा लागतो. भूतकाळात दोन क्रिया घडल्या तर आधीच्या क्रियेला ‘हॅड’ लावावा, असा तो नियम आहे. मुले तो प्रामाणिकपणे पाळतात आणि मग “आय हॅड गॉट अप ॲट सिक्स, आय हॅड टेकन माय बाथ अँड देन आय वेंट टू द मार्केट” अशी वाक्ये तयार होतात. इंग्रज माणूस अशा वेळी एकही ‘हॅड’ वापरणार नाही. घटना ज्या क्रमाने घडल्या त्याच क्रमाने सांगायच्या असतील तर साधा भूतकाळ पुरतो, मग घटना दोन असोत की वीस. सांगणारा पुढे आलेला असताना मध्येच मागे वळतो, तेव्हा ऐकणाऱ्याला ते वळण कळावे म्हणून ‘हॅड’ येतो. ‘आफ्टर’ आणि ‘बिफोर’ हे शब्द तर क्रम स्वतःच सांगतात, त्यामुळे त्यांच्यासोबत ‘हॅड’ ऐच्छिक आहे. “आफ्टर द रेन स्टॉप्ड, वी वेंट टू द बीच” हे निर्दोष इंग्रजी आहे, आणि “हॅड स्टॉप्ड” म्हटले तरी ते चुकत नाही.

आता साहजिक शंका येते की, ‘जाऊन परत आलो’ हा जो अर्थ मराठीतला ‘होतो’ फुकट देतो, तो इंग्रजीत कुठे ठेवायचा? त्याची सोय आहे, पण ती दुसरीकडे आहे. “बाबा चिपळूणला गेले आहेत” याला “फादर हॅज गॉन टू चिपळूण”, म्हणजे ते आत्ता तिकडे आहेत. “बाबा चिपळूणला जाऊन आले आहेत” याला “फादर हॅज बीन टू चिपळूण”. आणि “बाबा काल चिपळूणला गेले होते” याला सरळ “फादर वेंट टू चिपळूण यस्टरडे”, कारण ‘यस्टरडे’ म्हटल्यावर ते परत आले असावेत हे ऐकणारा समजून घेतो. फारच स्पष्ट करायचे असेल तर “फादर वॉज इन चिपळूण यस्टरडे” म्हणावे. आठवण करून देण्याच्या ‘होता’लाही साधा भूतकाळच लागतो: “ॲज आय टोल्ड यू”, “यू कॉल्ड मी यस्टरडे”, “वी मेट लास्ट मंथ”. विशेषतः “आय हॅड टोल्ड यू” हे वाक्य पाहुण्यांना लिहू नये असे मी आग्रहाने सांगतो. आपल्या मनात नम्र आठवण असते, पण वाचणाऱ्याला ‘तरीही तुम्ही ऐकले नाही’ असा तक्रारीचा सूर जाणवू शकतो.

‘हॅव’च्या बाबतीत मराठी आपल्याला अर्ध्या वाटेपर्यंत बरोबर नेते आणि मग सोडून देते. “तुम्ही सिंधुदुर्ग किल्ला पाहिला आहे का?” याला “हॅव यू सीन सिंधुदुर्ग फोर्ट?” हे अगदी तंतोतंत जुळते. “मी जेवलो आहे”, “पाऊस थांबला आहे”, “खोली तयार झाली आहे” या सगळ्या वाक्यांत ‘आहे’च्या जागी ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ घातला की इंग्रजी बरोबर येते. वाट सुटते ती वाक्यात संपलेल्या वेळेचा शब्द आला की. मराठीत “हे मी कालच वाचले आहे” किंवा “माझे प्रशिक्षण २०२२ मध्ये पूर्ण झाले आहे” म्हणण्याला कसलीच आडकाठी नाही. इंग्रजीत ‘यस्टरडे’, ‘लास्ट इयर’, ‘इन २०२२’, ‘टेन इयर्स अगो’ यांपैकी काहीही असले की ‘हॅव’ बसत नाही, कारण ‘हॅव’ने संदर्भ आत्ताचा घेतलेला असतो आणि तुम्ही तर त्याला मागच्या एका तारखेला बांधता. जहाजावरच्या नोकरीच्या मुलाखतीला जाणारी मुले “आय हॅव कम्प्लीटेड माय ट्रेनिंग इन २०२२” असे हमखास म्हणतात. त्यांना मी दोन पर्याय देतो. वर्ष महत्त्वाचे असेल तर “आय कम्प्लीटेड माय ट्रेनिंग इन २०२२”, आणि पात्रता महत्त्वाची असेल तर वर्ष गाळून “आय हॅव कम्प्लीटेड माय ट्रेनिंग”. त्याचप्रमाणे कोकण रेल्वेचा सगळा मार्ग १९९८ साली सुरू झाला, तर “द कोकण रेल्वे ओपन्ड इन १९९८”. रेल्वे आजही चालू आहे म्हणून इथे ‘हॅज’ येत नाही, कारण सुरू होण्याची क्रिया त्या वर्षीच झाली आणि संपली.

वेळ संपली की नाही हे मात्र घड्याळावर अवलंबून नसून बोलणारा कुठे उभा आहे यावर असते. आंब्याच्या व्यापाऱ्यांना हे चटकन कळते. एप्रिलमध्ये, हंगाम भरात असताना, “वी हॅव सेंट टू हंड्रेड बॉक्सेस धिस सीझन” म्हणावे, कारण अजून पेट्या जायच्या आहेत. जुलैत, झाडावर एकही फळ नसताना तीच माहिती सांगायची असेल तर “वी सेंट टू हंड्रेड बॉक्सेस धिस सीझन”. आकडा तोच, हंगामाचे नाव तेच, तरी काळ बदलतो.

वर्तमानपत्रे या दोन काळांची जोडी फार नेटकी वापरतात आणि ती वाचून शिकण्यासारखी आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि रायगडबरोबर दापोली, मंडणगडच्या बागाही आडव्या झाल्या. अशी बातमी त्या दिवशी इंग्रजीत द्यायची तर पहिले वाक्य साधारणपणे “अ सायक्लोन हॅज हिट द कोस्ट” असे येईल, कारण ती आत्ताची खबर आहे. लगेच पुढच्या वाक्यात तपशील आला की “द विंड्स अपरूटेड थाउजंड्स ऑफ ट्रीज” असा साधा भूतकाळ सुरू होतो आणि तोच शेवटपर्यंत चालतो. आधी खबर ‘हॅव’ने, मग हकीकत साध्या भूतकाळाने, ही सवय पाहुण्यांच्या पत्रव्यवहारातही लावून घ्यावी: “वी हॅव बुक्ड युअर टॅक्सी. आय स्पोक टू द ड्रायव्हर धिस मॉर्निंग.”

कालावधी सांगताना एक वेगळीच चूक होते, तीही इथेच सांगून टाकतो. “आम्ही वीस वर्षांपासून इथे राहतो” यात मराठी वर्तमानकाळ वापरते, म्हणून आपण “वी आर लिव्हिंग हिअर सिन्स ट्वेंटी इयर्स” म्हणतो. इंग्रजीत मागे सुरू होऊन आत्तापर्यंत चालत आलेल्या गोष्टीला ‘हॅव’ लागतो: “वी हॅव लिव्ह्ड हिअर फॉर ट्वेंटी इयर्स”. मराठीत ‘पासून’ दोन्हीकडे चालतो, ‘२००५ पासून’ आणि ‘वीस वर्षांपासून’. इंग्रजीत सुरुवातीच्या क्षणाला ‘सिन्स’ आणि लांबीला ‘फॉर’. इथपर्यंत बहुतेकांना जमते, पण मग ‘फॉर’ दिसला की ‘हॅव’ घालायचाच अशी नवीन सवय लागते आणि ती मोडायला मी थिबा राजाची मदत घेतो. ब्रह्मदेशाच्या या राजाला इंग्रजांनी पदच्युत करून १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवले आणि १९१६ साली तो इथेच वारला. त्याच्याविषयी “थिबा लिव्ह्ड इन रत्नागिरी फॉर थर्टी इयर्स” असेच म्हणावे लागते. ‘फॉर’ आहे, तीस वर्षे आहेत, पण ती वर्षे संपली आहेत. “हॅज लिव्ह्ड” म्हटले तर राजा अजून हयात आहे असे होईल. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा मात्र आजही उभा आहे, म्हणून त्याबद्दल “द पॅलेस हॅज स्टुड देअर फॉर मोअर दॅन अ हंड्रेड इयर्स” हे बरोबर.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मान्य केल्या पाहिजेत. भारतीय लोक आपापसांत इंग्रजी बोलताना “आय हॅड गॉन देअर यस्टरडे” सर्रास म्हणतात आणि कोणाचेही काही अडत नाही. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना तुमचा तो संदेश खटकलाही नसता. अमेरिकन लोक ‘जस्ट’, ‘ऑलरेडी’, ‘येट’ या शब्दांबरोबर पुष्कळदा साधा भूतकाळच वापरतात, “डिड यू ईट येट?” असे, जिथे इंग्लंडमधला माणूस “हॅव यू ईटन येट?” म्हणेल. त्यामुळे ‘हॅव’च्या जागी चुकून साधा भूतकाळ आला तर फार घाबरू नये, ‘हॅड’ची चूक मात्र अर्थ बदलते. घरात दहावी-बारावीचे कोणी असेल तर परीक्षेत काळ बदलायला सांगितलेले वाक्य सांगितलेल्या रूपातच लिहावे. तिथे फक्त रूप तपासतात, ते वाक्य प्रत्यक्ष कोणी बोलेल की नाही याच्याशी त्या प्रश्नाचा संबंध नसतो. दुसऱ्याचे बोलणे सांगताना, म्हणजे “ही सेड ही हॅड पेड”, हा ‘हॅड’ नियमानेच येतो, कारण सांगण्याच्या आधीचे पैसे देणे तिथे स्पष्ट आहे. ‘इफ’बरोबरचा ‘हॅड’ हा वेगळा विषय आहे, तो इथे मिसळू नये.

सरावासाठी मी मोठ्या माणसांना पुस्तकातले स्वाध्याय देत नाही. तुमच्या फोनमध्ये गेल्या महिन्याभरात पाहुण्यांना पाठवलेले इंग्रजी संदेश असतीलच. त्यांतला प्रत्येक ‘हॅड’ शोधावा आणि त्याच्यापुढे ‘बिफोर’ लिहून वाक्य पुरे करून पाहावे. “यू हॅड आस्क्ड फॉर अ सी-फेसिंग रूम” याच्यापुढे ‘बिफोर’ काय? काहीच सुचत नाही, म्हणजे ‘हॅड’ काढून “यू आस्क्ड फॉर अ सी-फेसिंग रूम” करावे. “वी हॅड गिव्हन द रूम टू अनदर फॅमिली” याच्यापुढे मात्र ‘तुमचा संदेश येण्याच्या आधी’ हे सहज बसते. तिथे तो ठेवावा आणि दुसरा क्षणही वाक्यात लिहून टाकावा: “बाय द टाइम युअर मेसेज केम, वी हॅड गिव्हन द रूम टू अनदर फॅमिली.” हा सराव हाताला बसला की मगच ‘हॅव’कडे वळावे, आणि तिथे एवढेच तपासावे की, त्याच वाक्यात ‘यस्टरडे’, एखादी तारीख किंवा ‘अगो’ आहे का. असेल तर तारीख तरी गाळावी, नाहीतर ‘हॅव’ तरी काढावा. दोन्ही दुरुस्त्या एकदम करायला गेल्यास माणूस लिहिताना अडखळतो आणि साधे वाक्यही बिघडवतो, म्हणून हा क्रम मी कोणालाच मोडू देत नाही.